साल काढून उकळावी

१

“भांड्याचा वास काही जात नाही हो. तीनदा घासलं. लिंबानं घासलं, सोड्यानं घासलं. चांगलं जाड बुडाचं पातेलं माझं, वाया गेलं बघा.”

ही कुरकुर मावशीच्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर चालली होती, कारण रुग्णालयाच्या व्हरांड्यातलं बाकडं दोघींना जेमतेम पुरत होतं. कुरकुरत होत्या विहीणबाई. आत पडद्यापलीकडे त्यांची सून चौथ्या दिवशीही सलाइनवर होती, आणि बाईंना पातेल्याचं दुःख आवरत नव्हतं.

मावशी म्हणजे त्या सुनेची सख्खी मावशी. आई गेल्यावर मुलीला हिनंच वाढवलं. तीस वर्षं महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत देठांचे न् मुळांचे केसाइतके पातळ काप काढून काचेवर ठेवायचे, हे तिचं काम. शाळा बेताचीच झालेली, पण प्राध्यापक अडले की म्हणायचे, “भिंगवालीला विचारा.” निवृत्त झाली तरी भिंग पर्समध्ये असायचंच, इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो तसं.

भाचीला ती लाडानं ‘रेघ’ म्हणायची. घरांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत भाची कामाला होती, आणि पट्टीशिवाय सरळ रेघ मारून दाखवायची. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी तिची रेघ वाकडी गेली. मग हाताला मुंग्या, एका डोळ्यापुढे धुकं, पायांत ओली वाळू भरल्यासारखी जडता. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचे स्वतःचेच पहारेकरी मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात, वायरवरचं प्लॅस्टिक उंदरानं खावं तसं. इंजेक्शनांनी कुरतडणं मंदावतं, कुरतडलेलं फारसं परत येत नाही. हे शेवटचं वाक्य डॉक्टर हळू आवाजात बोलले होते, आणि घरात ते पुन्हा कोणी मोठ्यानं बोललंच नाही.

चार महिन्यांपूर्वी घरात चिनी काढा आला. ओल्या गोणपाटाखाली काहीतरी मरून पडावं तसा त्याचा वास. पण त्यानंतर तीन आठवड्यांतच रेघ काठीशिवाय चालतानाची चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर आली, मग कोण वासाबद्दल बोलणार? मावशीनं स्वतः ती अकरा जणांना पाठवली होती. आणि गेल्या रविवारी रेघेला इथं उचलून आणलं तेव्हा तिच्या पोटात पाण्याचा थेंब ठरत नव्हता, रक्तदाब सापडत नव्हता आणि मूत्रपिंडांनी काम टाकलं होतं.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई पडदा सारून बाहेर आल्या. विहीणबाई लगबगीनं पाणी आणायला गेल्या.

“मूत्रपिंडं सावरली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उद्या तिला सोडता येईल. पण मावशी, त्या काढ्यात काहीतरी विषारी होतं. काय, ते मला अजून माहीत नाही. पातेलं घासलंय, उरलेला काढा ओतून दिलाय. मी तिला कोणाच्या हाती सोडतेय ते कळल्याशिवाय माझी सही होणार नाही.”

“झाली असेल एखादी चूक.”

“चूक एकदा होते. त्रास सुरू झाल्यापासून तीन दिवस हिला तोच पाजलाय. पहिल्या उलटीनंतरसुद्धा.”

२

जावई खाली उपाहारगृहात निबंधाच्या वह्या तपासत बसला होता. शाळेत भाषा शिकवायचा. त्यामुळे घरी, सासरी, गल्लीत तो सगळ्यांचाच मास्तर. बायको वर पडलेली, आणि ह्याचं लाल पेन ऱ्हस्वदीर्घावर न चुकता चाललेलं. ते पाहून मावशी दारातच थांबली. पण तिनं स्वतःला दटावलं, माणसं दुःख आपापल्या परीनं काढतात.

“बसा मावशी. डोकं दुसरीकडे लागावं म्हणून वह्या घेतल्या.”

“मास्तर, काढा कोण करायचं?”

“आई उकळायची. पुड्या मी बांधायचो, रोजची एक. शाळेत जायच्या आधी.”

“मग त्यात असं गेलं काय?”

मास्तरनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. काढणं फारच चटकन झालं, पण ते मावशीच्या मनात नंतर आलं.

“हे वाचा. गेल्या बुधवारी नव्या मुळ्या आणल्या, त्यांच्याबरोबरची चिठ्ठी. औषधवाल्यांच्या हातची.”

चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘मुळीची साल काढून उकळावी. रोज सकाळी एकदा.’

“आता सांगा, काय उकळायचं?”

“मुळी.”

“कारण तुम्ही सवयीनं वाचता. नीट बघा. मुळी स्त्रीलिंगी, सालही स्त्रीलिंगी. ‘उकळावी’ दोघींनाही लागतं. साल काढून मुळी उकळायची, की साल काढून ती सालच उकळायची? वाक्य दोन्ही बाजूंनी उभं राहतं.” त्याचा चेहरा खुलला होता. “त्यांनी ‘मूळ’ असा शब्द वापरला असता तर ‘उकळावं’ आलं असतं, संपला प्रश्न. एका प्रत्ययानं घात केला, मावशी. मी समजलो, साल उकळायची.”

“अरे देवा.”

“पुढल्या आठवड्यात नववीला मी हेच उदाहरण देणार आहे. जपून लिहायला कशासाठी शिकायचं, त्याचं.”

या माणसाला आत्ता नववी सुचते, हे पाहून मावशीला चीड आली. तरी खरं सांगायचं तर तिला हायसंही वाटलं. चूक झाली होती, शब्दाची चूक. कोणी वाईट नव्हतं. रेघ उद्या आपल्या घरी जाईल, आणि मावशीला स्वतःच्या तिसऱ्या मजल्याचा, अरुंद जिन्याचा आणि दुखऱ्या गुडघ्यांचा विचार करावा लागणार नाही.

जिन्याच्या मधल्या पायरीवर ती थांबली. बटण भलत्याच काजात अडकलं की अंगाला आधी कळतं आणि हाताला मागाहून, तसं काहीतरी झालं होतं. पण कुठलं बटण, ते सापडेना.

३

औषधवाल्यांचं दुकान म्हणजे भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर पितळी कडी, आणि सगळ्यावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ. मालक साठीचे, काटकुळे. उमेदीची सहा वर्षं चीनमध्ये राहून हे शास्त्र शिकून आलेले. एका मुळीच्या चोयटीनं ते दात कोरत होते. समोरच्या भिंतीवर चौकटीत रेघेच्या चित्रफितीतलं चित्र, गुडघ्यापासून खाली, दोन पावलं. खाली अक्षरं, ‘चार महिन्यांत काठी सुटली.’

“तीन आठवड्यांतली पावलं आहेत ती,” मावशी म्हणाली. “मला आली तेव्हाची तारीख माझ्या फोनवर आहे.”

“ते मास्तरांनी छापून आणलं. तीन आठवडे म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार, म्हणाले.”

“मुळी दाखवा.”

त्यांनी खण ओढला. मावशीनं भिंग काढलं. तांबूस नारिंगी, पापुद्रे सुटणारी साल, आत फिकट पिवळसर लाकूड. अशीच मुळी तिनं प्रयोगशाळेच्या पुस्तकात पाहिली होती; मूळ त्यांनी दुसरंच दिलं असेल, हा तिचा संशय तिथंच मिटला.

“चिनी लोक हिला गडगडाटाच्या देवाची वेल म्हणतात,” औषधवाले म्हणाले. “सांधे सुजलेल्यांना देतात. शरीराचे माजलेले पहारेकरी हिनं जरा गप्प बसतात, म्हणून तुमच्या भाचीलाही. पण आतलं लाकूड तेवढं. तेही जपून. साल, पानं, फुलं, सगळं विष.”

“एरवी सोललेलीच द्यायचात ना?”

“सोलणाऱ्या बाईंनी काम सोडलं. हाताची कातडी उतली त्यांच्या. माझं मनगट धरतं.”

“म्हणून ते काम माझ्या भाचीच्या स्वयंपाकघरावर ढकललंत.”

त्यांनी चोयटी खाली ठेवली. “मी तोंडी सांगितलं होतं ना. साल विष आहे, सोलल्यावर हात साबणानं धुवा. मास्तरांनी मान हलवली.”

“ते म्हणतात, चिठ्ठीचा अर्थ लागला नाही.”

“मग ते तरी खोटं बोलतात, नाहीतर मी तरी. तुम्ही काय ते ठरवा.”

मावशीनं चौकटीकडे पाहिलं. “हिला बरं करतो असं सांगितलं होतंत?”

“कधीच नाही. इंजेक्शनं बंद करू नका, हेसुद्धा बजावलं होतं. बरं करतो असं मास्तर म्हणाले, चारचौघांत. मी फक्त नाही म्हटलं नाही.”

आणि हे त्यांनी असं सांगितलं, जणू ती त्यांच्या प्रामाणिकपणाची पावती होती. मावशीला त्या धुळीच्या चवीसकट थुंकावंसं वाटलं. ती निघाली, तेव्हा ते मागून म्हणाले,

“गुरुवारी दुपारी मास्तरांचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत.”

“का?”

“रविवारचं विचारणार, म्हणून. मला त्यात पडायचं नव्हतं.”

“रविवारी काय होतं?”

औषधवाले तिच्याकडे बघतच राहिले. “म्हणजे तुम्हाला बोलावलंच नव्हतं?”

४

रविवारी मेळावा होता. या आजाराच्या रुग्णांचा आणि नातेवाइकांचा एक गट होता, आणि गेल्या तीन महिन्यांत मास्तर त्या गटातला मोठा माणूस झाला होता. लोक त्याला रात्रंदिवस विचारत, काढा किती घ्यायचा, कधी घ्यायचा, आमची कधी चालेल. रविवारी सभागृहात दोनशे लोकांसमोर रेघ काठीशिवाय मंचावर चालत येणार होती.

हे सगळं विहीणबाईंनी कपबशा विसळता विसळता सांगितलं. त्या घरी आल्या होत्या आणि मावशी त्यांच्या मागोमाग. खिडक्या उघड्या होत्या तरी त्या वासानं पडदेसुद्धा जड झाले होते. फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे, इंजेक्शनांची खोकी जशीच्या तशी रचलेली होती.

“ही घेतच नव्हती?”

“तोच म्हणाला नको. दोन्ही एकदम घेतलं तर गुण कोणाचा, ते कसं कळणार.”

मावशीनं फ्रिजचं दार लावून घेतलं. बोलली असती तर नको ते बोलली असती.

“विहीणबाई, काढा गाळल्यावर चोथा कुठं टाकायचा?”

“कोरफडीच्या कुंडीत. खत होतं म्हणून. मेली ती पण.”

गच्चीवर मोठी कुंडी होती. मावशीनं एक जुना डाव मागून घेतला आणि गुडघे टेकले. चोथा रोज एकावर एक पडलेला, बाईंचा हात नीटनेटका, त्यामुळे कुंडीत थर झालेले. तळाशी पांढऱ्या बुरशीनं केसाळलेला लगदा. त्यात वळवळणाऱ्या अळ्या. नाकाला पदर लावून मावशी वरून एकेक थर उचलत वर्तमानपत्रावर मांडत गेली.

वरचे तीन थर, रविवार, शनिवार, शुक्रवार. तांबूस नारिंगी साल, चुरा केलेली. लाकूड जवळजवळ नाहीच.

चौथा थर गुरुवारचा. तिनं भिंग डोळ्याला लावलं. फिकट पिवळं लाकूड, सुरीनं वेडंवाकडं तासलेलं, पण स्वच्छ. सालीचा एक कण नाही.

त्याच्याखाली जुने, दुकानातून सोलून आलेले गुळगुळीत काप.

मावशी तिथंच फतकल मारून बसली. आता ते बटण सापडलं होतं. उपाहारगृहात तिनं विचारलं होतं, काढ्यात काय गेलं. डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक नव्हतं, ‘साल’ हा शब्द तोवर कोणाच्याच तोंडून निघाला नव्हता. आणि मास्तर मात्र चिठ्ठी खिशात तयार ठेवून सालीचं व्याकरण सांगत बसला होता. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

“विहीणबाई, गुरुवारच्या काढ्यात न् शुक्रवारच्या काढ्यात काही फरक वाटला?”

“रंग लालसर आला होता. मी म्हटलं त्याला. तो म्हणाला, आता जोर आहे त्यात.” बाईंनी हात पुसले. “दुपारपासून तिला उलट्या. मी म्हटलं थांबूया. तो म्हणाला, आतला रोग बाहेर पडतोय, आत्ता थांबलो तर सगळं फुकट. मग मी... मी आपली उकळत राहिले.”

बाह्या वर गेल्या होत्या. बाईंच्या दोन्ही दंडांवर कोपराच्या वर निळे हिरवे डाग होते, चार इकडे, चार तिकडे. बोटांचे. एका दिवसाचे नव्हते, जुन्यांवर नवे, नव्यांवर आणखी नवे.

मावशीनं फोन काढला आणि अकरा जणांना पाठवलेली ती चित्रफीत पुन्हा लावली. दोन पावलं पुढं येत होती. आज पहिल्यांदाच तिनं पावलांकडे नकाशा वाचावा तसं पाहिलं. टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. चप्पलांची टोकं फरशीवरून घासत होती. वरून लटकलेलं माणूस जसं पाय हलवतं, तसं.

“विहीणबाई,” ती हळूच म्हणाली, “चित्रात गुडघ्याच्या वर काय होतं?”

बाईंनी बाह्या खाली ओढल्या आणि नळ मोठा केला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाभोवती सगळे होते. रेघ उशीला टेकून बसलेली, ओठ सोललेले, पण डोळे जागेवर. पायथ्याशी विहीणबाई. खिडकीपाशी मास्तर, कडक इस्त्रीत. डॉक्टरीणबाईंच्या हातात सोडण्याचा कागद. मावशीनं जेवणाच्या फिरत्या टेबलावर दोन डब्या ठेवल्या आणि झाकणं काढली. वासानं शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी तोंड फिरवलं.

“ही गुरुवारची,” मावशी म्हणाली. “ही शुक्रवारची. मास्तर, गुरुवारी तुम्ही चिठ्ठी वाचून मुळी सोललीत आणि साल बाजूला ठेवून लाकूड उकळायला दिलंत. म्हणजे वाक्य तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सगळ्यांना कळतं तसंच.”

“मावशी, अहो, संदिग्ध वाक्याचा अर्थ माणसाला एकदा असा लागतो, एकदा तसा...”

“साल हे कोणी म्हणायच्या आधी तुम्ही मला तिचं लिंग सांगितलंत.”

मास्तर लाल पेनाची टोपी उघडत होता न् लावत होता.

“गुरुवारी दुपारी तुम्ही औषधवाल्यांना दोनदा फोन केलात. काय विचारायचं होतं, ते त्यांना ठाऊक नाही, पण मला अंदाज आहे. रविवार तीन दिवसांवर आला होता. मंचावर गुडघ्याच्या वरचंही लोकांना दिसणार होतं. आणि तिथं तिला तुमच्या आईच्या दंडांना धरून उभं करता येणार नव्हतं.”

विहीणबाई आपल्या दंडांना मिठी मारून बसल्या होत्या.

“विष आहे म्हणजे ताकद आहे, असं मनानंच ठरवलंत,” मावशी म्हणाली. “फोन उचलला नाही, म्हणजे नको असंही कोणी म्हटलं नाही. शुक्रवारी साल घातलीत. ती ओकली, तरी शनिवारी घातलीत. पोर कोरडी पडली, तरी रविवारी सकाळी पुन्हा. आणि ती इथं आल्यावर चिठ्ठी घेऊन बसलात आणि त्यातून दुसरा अर्थ शोधून काढलात. तो लागायला तुमच्याइतकं शिकावं लागतं. माझ्यासारखीला लागला नसता.”

डॉक्टरीणबाईंनी कागद पलंगाच्या कडेला उलटा ठेवला.

“मी तिला मारायला घातली नाही,” मास्तर म्हणाला. त्याचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. “तुम्ही सगळे असे बघताय, जणू मी... चार महिने मी पुड्या बांधतोय. रोज. कोण करतं एवढं? तिला गुण येत होता. शेवटचा थोडा जोर कमी पडत होता, एवढंच. माझ्यामुळे दोनशे घरांना आशा वाटत होती. तुम्हालाही वाटत होती, मावशी. तुम्हीसुद्धा ती चित्रफीत वाटत सुटला होतात.”

हे खरं होतं. मावशीच्या तोंडात कालच्या कुंडीची चव आली. चार महिने ती फोनवरच्या पावलांवर खूश राहिली होती आणि एकदाही येऊन, भिंग सोडा, साध्या डोळ्यांनीही तिनं भाचीकडे पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर पुढचं काहीतरी करावं लागलं असतं.

“तिलाच विचारा,” मास्तर म्हणाला. “सांग ना तू. बरं वाटत होतं की नाही? रोज विचारायचो, रोज हो म्हणायचीस.”

“राहू दे रे आता,” विहीणबाई पुटपुटल्या. “ती दमलीय.”

“तिला बोलू द्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रेघेनं चादरीवरचा हात उचलायचा प्रयत्न केला. तो अर्धा उठला आणि पडला. तिनं तो पडू दिला. मग नवऱ्याकडे, सासूकडे आणि शेवटी मावशीकडे, असं सावकाश, एकेकाकडे पुरतं पाहून घेतलं.

“मला एकाही दिवशी बरं वाटलं नव्हतं,” ती म्हणाली. “तुमचे चेहरे बघून हो म्हणायचे. ह्यांच्या आईला लटकून पाय हलवायचे, मग आत जाऊन पडायचे. मी बरी होणार नाहीये, मावशी. डॉक्टरांनी आठ वर्षांपूर्वीच सांगितलंय, तुम्हा सगळ्यांना ऐकू आलं होतं. इंजेक्शनं घेतली तर कदाचित याहून वाईट व्हायला वेळ लागेल, तेवढंच. मी अशीच राहणार आहे. आता अशीच मला कोण घरी नेतंय, तेवढं बोला.”